दुसऱ्या भागात परतलेला माणूस

आबा, तुमच्या थेटरात लागला होता तो रॉकेटचा इंग्रजी सिनेमा, त्याचा दुसरा भाग परवा मी पुन्हा पाहिला. थेटरात नाही, दादरच्या घरी, कॅसेट लावून. तुम्ही गेलात तेव्हा असलं काही नव्हतं. आता अख्खा सिनेमा पुस्तकाएवढ्या डबीत मावतो, भाड्याने मिळतो, आणि हवा तिथे थांबवून मागे नेता येतो. स्टेशनजवळच्या दुकानात कव्हरवरचं चित्र पाहून मी "अगं, हा!" असं इतक्या मोठ्याने म्हणाले, की तुमच्या नातीने दोन्ही भाग लगेच घेतले. ती कॉलेजात आहे आता. पहिला भाग सुरू झाल्यापासून तिची टकळी चालू. "आई, इंधन संपलं म्हणून एवढे रडले, आणि आता रॉकेट उडालंसुद्धा? ते कसं? आणि ते पिंजऱ्यातलं माकड? ते तिथेच ठेवून आले की काय?" मला हसू आलं, कारण हे सगळे प्रश्न लालबागच्या आपल्या चाळीत, गॅलरीच्या कठड्याला टेकून आम्हा पोरांचे विचारून झाले होते. उत्तरं द्यायला तुम्ही होतात. सिनेमाचा ऑपरेटर म्हणजे आम्हाला सिनेमाचा मालकच वाटायचा.

तुम्ही बनियनवर, गॅलरीतल्या स्टुलावर बसलेले असायचात. एकच सिनेमा तुम्ही मशीनच्या खोलीतल्या त्या वीतभर खिडकीतून इतक्या वेळा बघायचात, की त्यातल्या चुका तुम्हाला पाठ असायच्या. प्रोफेसरच्या मुलीचा फाटलेला कोट पुढच्याच क्षणी इस्त्रीचा कसा? "चूक आहे ती. दोन दिवशी शूटिंग केलं असणार." इंधनाचं काय? "विसरले." आणि माकड? "माकडाला पगार परवडला नसेल." पोरं हसायची. चूक असेल तर चूक म्हणायचं, असे तुम्ही होतात. म्हणूनच त्या एका प्रश्नाला तुम्ही वेगळं उत्तर दिलंत तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला, आणि मग कितीतरी वर्षं तुमच्यावर रागावून राहिले.

पहिला भाग मी मामाबरोबर पाहिला होता. आईचा हा धाकटा भाऊ गावाहून आला तो आपल्याच खोलीत राहायचा आणि गिरणीत बदली कामगार म्हणून जायचा. बदली मिळाली नाही की तुमचा डबा घेऊन गिरगावात तुमच्या थेटरात यायचा, आणि डबा दिल्याच्या बदल्यात फुकट सिनेमा बघायचा. दारावर तिकिटं फाडणारे अंकल, ते खोताच्या वाडीतले, त्याला म्हणायचे, "आला का जावईबापू? बस, पुढची खुर्ची तुझ्यासाठीच पुसून ठेवलीय." त्या सिनेमात रॉकेट मंगळावर अडकतं. दार फक्त बाहेरून बंद होतं, म्हणून म्हातारा मेकॅनिक बाहेर थांबतो, दार लावतो, आणि रॉकेट उडताना लाल धुळीत दिसेनासा होतो. मी रडले. परतताना मामा मला हाताला धरून चालवत होता आणि मधेच थांबून हवेत दार लावून दाखवत होता.

"मेला नाय गो तो."

"धुळीत गाडला गेला की."

"बॉडी दाखवली? नाय ना? सिनेमात बॉडी दाखवीत नायत तोवर माणूस मेला म्हणायचा नाय. दुसरा भाग काढतील तेव्हा हा बाबा हजर असणार. नसला तर तुला लालबाग ते गिरगाव खांद्यावर घेऊन जातो."

मग ते दिवस आले. चाळीच्या भिंतींवर डांबराने "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं लिहिलेलं, आणि मामा गॅलरीत आम्हा पोरांना रांगेत उभं करून घोषणा घोटून घेतोय, हे मला आजही दिसतं. त्या दिवशी मी सकाळीच तुमच्याबरोबर थेटरात आले होते. दुपारपर्यंत बाहेरचा आवाज वाढत गेला, खेळ थांबला, मॅनेजरने लोखंडी जाळी ओढून घेतली. तुम्ही जाळीला धरून रस्त्याकडे बघत होतात. तुम्ही कोणाची वाट बघताय ते मला माहीत होतं, कारण मलाही भूक लागली होती. अंकलनी मला मागच्या बोळातून खोताच्या वाडीत त्यांच्या घरी नेलं. लाकडी जिना, येशूच्या चित्रापुढचा लाल दिवा, आणि आंटी सारखी पाव पुढे करतेय. गोळीबार, संचारबंदी हे शब्द मी तिथे ऐकले. काही दिवसांनी तुम्ही मला न्यायला आलात. दाढी वाढली होती. वाटेत तुम्ही सांगितलंत, "मामा गावाला गेलाय."

घरी आले तर तुमचा डबा वरच्या फळीवर उपडा ठेवलेला, झाकणाला पोचा आलेला. तुम्ही नवा डबा न्यायला लागला होतात. पुढे चाळीत कधीतरी बोलणं निघालं, की मामाला हुतात्मा म्हणायचं की नाही. आई एवढंच म्हणाली, "तो मोर्च्याक नाय, डबो देवक गेल्लो." ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही गॅलरीतून उठून आत गेलात, हेही मी पाहिलं.

पण हे नंतरचं. तेव्हा मी वाट बघत होते. गावाहून पत्र का येत नाही, त्याची ट्रंक इथेच कशी, हे मी विचारत नव्हते. विचारलं तर काहीतरी मोडेल असं वाटायचं. आणि तशात तुमच्या थेटरात दुसरा भाग लागला. मी हट्ट धरला. तुम्ही टाळत राहिलात. "चांगला नाही तो. पहिल्याची सर नाही." तुम्ही आधीच तो चालवून पाहिला होता, त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. मला एवढंच हवं होतं, की तो मेकॅनिक येतो की नाही. तुम्हालाही ते कळलं असावं. मामाची पैज मीच चाळभर सांगितली होती.

शेवटी एका रविवारी सकाळच्या खेळाला तुम्ही मला नेलंत. अंकलनी पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी ती खुर्ची खरोखर पुसली. सिनेमा सुरू झाला. एका खोलीत कोणीतरी पाठमोरा उभा होता, आणि पडदा काळा झाला. एकदम, डोळा मिटावा तसा. शिट्ट्या सुरू झाल्या. "ए ऑपरेटर, झोपलास काय रे!" "बायको आलीय वाटतं वरती!" "पैसे परत दे, आम्ही घरीच अंधार बघतो!" अंकल माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते हळूच म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातून काळोख? आज पहिल्यांदाच बघतोय गो बाय." अंधारात इंग्रजी बोलणं चालूच होतं, डोक्यावर पंखे फिरत होते. मग उजेड परत आला. लांब टेबलाभोवती सगळे बसले होते, आणि त्यांच्यात तो मेकॅनिक होता. जिवंत. कॉफी पीत होता. मी खुर्चीवर उभीच राहिले.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला विचारलं, "आबा, तो पहिल्यात मेला होता ना? मग आला कसा?" मला वाटलं, तुम्ही म्हणणार, चूक आहे ती. कोटासारखी, माकडासारखी. तुम्ही खोलीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिलात आणि म्हणालात, "मधे काहीतरी झालं असेल. मधलं दाखवत नाहीत." आणि पडद्यावर अंधार का झाला? "मशीनच्या दिव्यातला कार्बन संपला होता."

घरी आई स्टोव्हजवळ सुक्या बोंबलाचं कालवण करत होती. तुम्ही जेवायला बसलात आणि मी तिला आनंदाने सगळं सांगून टाकलं. मेकॅनिक परत आला, बॉडी दाखवली नव्हती म्हणून आला, आणि मामाचीही कोणी दाखवली नाही, म्हणजे तोही येणार. मधलं दाखवत नाहीत, आबांनीच सांगितलं. आईने स्टोव्ह बंद केला. तुमच्याकडे बघून म्हणाली, "किती दिवस चेडवाक फसवतलात?" मग माझ्याकडे वळली. "तुझो मामा मेलो. मी बघलंय. माझ्या हातान त्याचा तोंड पुसलंय." मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही काहीतरी बोलाल, आईला खोटं पाडाल, निदान मला जवळ घ्याल. तुम्ही भातात बोट फिरवत राहिलात. मग आईनेच मला ओढून कुशीत घेतलं. तिच्या हाताला बोंबलाचा वास होता. तो वास आजही आला की मला वाटतं, खरं असंच येतं, आणि तेच जवळही घेतं.

त्यानंतर मी तुमच्याशी सिनेमाबद्दल बोलले नाही. तुम्ही कधीतरी विचारायचात, "रविवारी येतेस काय? चांगला लागलाय." मला अभ्यास असायचा. मोठी झाले तशी मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं: बाप भित्रा होता, आई खरी होती. तुमच्या नातीचं मांजर मेलं तेव्हा ती चार वर्षांची होती. मी तिला ते मेलं म्हणूनच सांगितलं. कुठे गेलं, फिरायला गेलं, असलं काही नाही. तुम्ही आजारी होतात, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या धुराने छाती भरून आली होती, तेव्हाही मी तुमच्या उशाशी बसून सगळं केलं, पण तेव्हा तसं का सांगितलंत, हे विचारलं नाही.

तर परवा दुसरा भाग लागला. मेकॅनिक टेबलाशी बसलेला दिसला आणि मी लेकीला म्हणाले, "ही बघ सगळ्यात मोठी चूक. मेलेला माणूस जिवंत, आणि कोणी एका शब्दाने बोलत नाही." ती माझ्याकडे बघायला लागली. "अगं आई, हा तो नाहीच. हा त्याचा जुळा भाऊ. आत्ताच दाखवलं की सुरुवातीला. तू स्वयंपाकघरात होतीस." मी म्हटलं, सुरुवातीला असं काही नाही. मी पाहिलाय हा सिनेमा. तिने कॅसेट मागे नेली.

एका खोलीत पाठमोरा माणूस. तो वळतो. भिंतीवर मेकॅनिकचा फोटो आहे, रॉकेटच्या पोशाखातला, चौकटीला काळी फीत लावलेली. तसाच चेहरा खाली, तसाच वर. प्रोफेसर येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. भाषा न येणाऱ्या पोरीलाही कळलं असतं, की वरचा मेला आहे आणि खालचा दुसरा कोणी आहे. मग टेबल, कॉफी.

मी ऑपरेटरची मुलगी आहे. दिव्यातली कार्बनची कांडी विझताना उजेड आधी पिवळा पडतो, थरथरतो, हे तुम्हीच मला मशीनच्या खोलीत उभं करून दाखवलं होतं. तो अंधार तसा नव्हता. मशीनपुढची झडप खाली पाडली की असा अंधार होतो. रीळ चालू राहतं, आवाज चालू राहतो, फक्त उजेड अडतो. आपला पडदा कधी काळा पडला नाही, ही एकच गोष्ट तुम्ही अभिमानाने सांगायचात. त्या सकाळी तुम्ही वीतभर खिडकीतून पुढच्या रांगेतलं माझं डोकं बघत ती झडप हातात धरून उभे होतात, आणि सगळं थेटर तुम्हाला शिव्या देत होतं. पुढच्या खेळाला ती पुन्हा उघडीच राहिली असणार. तो फोटो बाकीच्या खेळांना सगळ्यांनी पाहिला.

लेक विचारत होती, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, जुना सिनेमा आहे. तुम्ही केलंत ते बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या अंधाराने मला मामा जिवंत असल्याची एक दुपार मिळाली, गिरगाव ते लालबाग चालत येण्याएवढी, आणि आईच्या स्टोव्हपाशी ती संपली. पण ती दुपार तुमच्याकडे तरी कुठे होती?

आई आता माझ्याकडे असते, आबा. तिला कालचं आठवत नाही, जुनं सगळं आठवतं, आणि जुन्यातला तोच एक दिवस तिच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. जेवणाच्या वेळेला ती दाराकडे तोंड करून बसते. "डबो घेवन गेलो. माझो भाव अजून इलो नाय?" मी गेले कित्येक महिने तिला खरं सांगत आले. तिनेच मला शिकवलेलं. हात धरून सांगायचे, आई, मामा गेला. फार वर्षं झाली. आणि ती दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकायची. दर वेळी पदर तोंडात कोंबून तेवढंच रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे तोंड.

काल तिने विचारलं तेव्हा माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं. म्हटलं, "पोचला आई. बाहेर गडबड आहे, रस्ते बंद आहेत. थेटरातच थांबलाय, आबांजवळ."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल, किती दिवस फसवतलंस. मग तिचा चेहरा सैल झाला. काळजीने म्हणाली, "पण एक डबो दोघांक पुरतलो?"

"पुरेल," मी म्हटलं.

हे कुठे पाठवायचं ते मला ठाऊक नाही, आणि आईला वाचूनही दाखवता येणार नाही. म्हणून फक्त तुम्हाला सांगते: ती पोटभर जेवली, आणि आज दुपारी तिने विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, मामा पोचला म्हणून.