काळ्या कुईचे कपडे

६ मे

काळीनं मुकुट खाल्ला! अख्खा, सोनेरी कागदासकट. आज तिला इंकांचा राजा करायचं होतं. सकाळपासून पुठ्ठा कापत बसलो होतो, आणि फोटो काढायच्या आत हिनं कुरतडून फस्त केला. मालकीण ग्लाडिसबाई ओरडल्या, "विल्बर, पुठ्ठा नको म्हटलं होतं ना! कापडाचा कर, आणि आत काही भरू नकोस."

मग कापडाचा केला. कानांसाठी भोकं मोठी ठेवायची, कान दाबले गेले की ती दगडासारखी बसून राहते. बटण नाही, मणी नाही, दोरी नाही. सगळं पोटात जातं.

एवढं शिकलो. आधी कोंबड्यांच्या शेडवर होतो, मग मिनीबसच्या दारात लटकून ओरडायचो, आता लिमात हे, कुयांचे कपडे शिवणं. बूड कुठं टेकतच नाही माझं. इथंही टेकेलसं वाटत नाही.

८ मे

गिऱ्हाइकापुढे कुई म्हणायचं नाही. गिनीपिग म्हणायचं! ग्लाडिसबाई म्हणतात, "कुई म्हटलं की माणसाला ताट आठवतं रे. ज्यांच्या घरी ती सोफ्यावर झोपते त्यांना कसं वाटेल?"

मलाही ताटच आठवतं. आमच्याकडे त्या चुलीपाशी पायात पायात फिरतात. पाहुणा आला की आई वाकते, एक उचलते, झालं. इथं मी त्यांना झोपाळे शिवतो. बोगदे शिवतो. उशा! काल एका बाईनं गिनीपिगच्या लग्नाचा जोड मागितला — नवऱ्याला काळा कोट, नवरीला झालर. शिवताना हसू येत होतं. नंतर येईना. माझ्या अंगावर धड स्वेटर नाही.

११ मे

आईला फोन केला. आज मातृदिन. शेजारणीच्या फोनवर बोलावून घेतलं. काय काम करतोस विचारलं, सांगितलं, एका काळीला घागरे-मुकुट घालतो म्हणून.

"घागरा? कुईला?" — आणि हसायलाच लागली. "मग खायच्या आधी काढायचा, का घागऱ्यासकट वाढायची?"

खूप हसली. मग हसू मध्येच तुटलं. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, पोटात कळ आली हसून. काही नाही.

१५ मे

फोटोखाली नाव लागतं म्हणे. ग्लाडिसबाई म्हणाल्या, "त्या काळीला तूच सांभाळतोस, तूच दे." मी म्हटलं आमच्यात देत नाहीत. "तुमच्यात म्हणजे डोंगरात! इथं दे."

तोंडातून निघून गेलं — चास्का. चांदणी. कोळशासारखी काळी, आणि नाव चांदणी.

लाज वाटली. लहानपणी मी एका तांबडीला नाव द्यायला गेलो होतो तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. "नाव दिलं की ती हाकेला ओ देते. आणि ओ देणाऱ्याच्या मानेला हात कसा लावशील?"

१६ मे

ओ देते!

२३ मे

आभाळ ओल्या गोधडीसारखं डोक्यावर. लिमात ना धड पाऊस, ना ऊन. खोलीत कुणाशी बोलायचं? शेजारच्या खाटेवरचा जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतो.

चास्का मात्र बाईंच्या जिन्यावरचा माझा पाय ओळखते. दार उघडायच्या आत शीळ घालते. लसूणघासाची जुडी पुढे केली की आधी माझं बोट हुंगते, मग पाला. कपडे घालताना इतर सगळ्या धडपडतात, ही उभी राहते. आज तिला लाल घागरा केला, आमच्याकडच्या बायका नेसतात तसा, खाली हिरवी मगजी. ग्लाडिसबाई म्हणाल्या, हा विकायला ठेवू. मी म्हटलं बिघडलाय, टीप वाकडी गेलीय. वाकडी नव्हती.

३ जून

मार्लेनीताईचा फोन. आई जेवत नाही. पोट टम्म फुगलंय, हातपाय काटक्या. मोठ्या इस्पितळात नेली होती. त्यांनी आत बघितलं आणि ताईला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला.

आवडेल ते! तिला काही गिळतच नाही.

मला कुणी कळवलं नाही. "आईनं शपथ घातली होती. पोरगं कधी नव्हे ते एका जागी टिकलंय म्हणाली."

४ जून

ताई परत. गावचे वैदू काशियानोबाबा आईच्या अंगावरून कुई फिरवायला तयार आहेत. पण काळी पाहिजे. पांढरा केस एकही नको. आणि बाईमाणसाला मादीच. गावात यंदा रोग आला, निम्म्या मेल्या, उरल्या त्या तांबड्या आणि ठिपक्यांच्या.

"तुझ्याकडे आहे ना रे एक काळी? आई हसत हसत सांगत होती, लेक तिला कपडे घालतो म्हणून."

मी म्हटलं, ती माझी नाही. बाईंची आहे.

"मग माग."

फोन ठेवला. जेवलो नाही.

५ जून

डोक्यापासून पायापर्यंत दाबून फिरवतात. दुखणं तिच्यात उतरतं, आणि ती हातातच मरते. मेली की माणूस उठतं. लहान असताना बघितलंय — चुलता असाच उठला. ती जिवंत राहिली तर काही उतरलंच नाही. मग उपाय नाही.

म्हणजे आई जगायची तर चास्का मरायला पाहिजे. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला वेगळं वाटणार नाही.

७ जून

ग्लाडिसबाईंना म्हटलं, आई आजारी आहे, तिला चास्का दाखवायचीय. त्यांचे डोळे भरून आले! "किती गोड रे! ने, ने. तिचं मन रमेल." स्वतःच्या हातानं जाड अस्तराची पिशवी शिवून दिली, वर जाळी, आत मऊ तळ. वाटेत खायला काकडी दिली. "जुलैतल्या स्वातंत्र्यदिनाच्या फोटोला मात्र परत आण हं. लाल-पांढरा फेटा करू तिला."

हो म्हटलं. जीभ झडली नाही.

८ जून

बस. घाटात पोरंबाळं ओकतायत. पिशवी शर्टाच्या आत धरलीय. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय रे, कुई? जेवायला नेतोस का?" मी म्हटलं, नाही. "मग विकायला?" नाही. "मग काय बाबा, देवदर्शनाला?"

सगळे हसले. मीही हसलो. ती आत शीळ घालत होती, माझा आवाज आला की.

९ जून

पोचलो. ती आई नाही. आईच्या घोंगड्याखाली कुणीतरी बारकं म्हातारं माणूस आहे. आवाज तेवढा तिचा. "आलास? काय हा अवतार! कुईला कपडे घालतोस आणि स्वतः असा उघडा?"

११ जून

बाबा शुक्रवारी येणार. आई म्हणाली, "दाखव तरी. कपडे कुठायत तिचे?" मी म्हटलं आणलेच नाहीत. ताईनं पिशवीतून घागरा काढून पुढे धरला.

"घाल."

घातला. आईनं उशीवरून मान वळवून बघितलं. "अगं बाई! मगजीसुद्धा लावलीय! माझ्या लग्नात माझ्या घागऱ्याला मगजी नव्हती." हसली. मग तोंडावर घोंगडं ओढून घेतलं, कळ दिसू नये म्हणून. चास्का घोंगड्यावर घागऱ्यात बसून बटाट्याचं साल खात होती.

ताई माझ्याकडे बघेना. मी ताईकडे बघेना.

१३ जून

काशियानोबाबा आले. चास्काला उचललं, पोट उलटं करून केस न् केस बघितला. "चांगली आहे." मग मला विचारलं, "हिला नाव दिलंय का?"

का, म्हटलं.

"नावाची कुई दुसऱ्याचं दुखणं घेत नाही. तिचं माणूस ठरलेलं असतं."

हे मला माहीत नव्हतं! कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यात कुणी नावच देत नाही तर सांगणार कोण?

"नाही बाबा. कुईला कुठं नाव असतं?"

"नक्की?"

"नक्की."

आई माझ्याकडे बघत होती. बाबा म्हणाले, वरच्या बांधावरून पिवळी फुलं आण. पळत गेलो, पळत आलो. मग त्यांनी उसाच्या दारूची चूळ फुंकली, कोकाची पानं आईच्या उशाशी मांडली, आणि चास्काला कपाळापासून फिरवायला लागले. गळा. छाती. पोटावर किती वेळ! ती शीळ घालत होती. मला हाक मारत होती. मी मूठ तोंडात कोंबून उभा. मर, मर म्हणत होतो मनात. मर ना गं.

एकदा गप्प झाली. मला वाटलं झालं.

बाबांनी तिला खाली ठेवली. तिनं अंग झाडलं आणि चुलीमागे पळाली.

"घेतलं नाही हिनं," बाबा म्हणाले. एवढंच. फुलं गोळा केली आणि गेले.

१४ जून

मी खोटं बोललो म्हणून. खरं सांगितलं असतं तर दुसरी शोधली असती. मी एक नाव दिलं, आणि आई चालली.

१५ जून

वरच्या वस्तीवर गेलो. दारोदार विचारलं. एक काळी मिळाली, मागच्या पायाला पांढरा मोजा. पुढच्या वस्तीवर गेलो. तिथली म्हातारी म्हणाली, काळी होती, परवाच पाहुण्याला वाढली.

बाबांच्या दाराशी बसलो, सगळं सांगायचं म्हणून. ते दुसऱ्या गावाला गेले होते. कधी येतील, त्यांच्या बायकोला ठाऊक नाही.

१७ जून

आई पाणीसुद्धा चमच्यानं. दुपारी म्हणाली, "ती कुठाय?" मी म्हटलं कोण? "अरे, तुझी ती." आणून दिली. छातीवर ठेवून घेतली. चास्का तिच्या हनुवटीखाली शिरून झोपली. मला ते बघवेना, बाहेर जाऊन लाकडं फोडली. नको होती तेवढी फोडली.

१९ जून

आई गेली. पहाटे.

२१ जून

पुरून आलो. सगळं गाव जेवायला. मावशी चुलीपाशी कुया धरत होती, एकेक करून टोपलीत. चास्कालाही धरली. "ही काळी बरी गुबगुबीत आहे. घेऊ का रे, विल्बर?"

मी म्हटलं, घ्या.

माझा आवाज ऐकला आणि ती शीळ घालायला लागली, मावशीच्या हातात, उलटी. मी तोंड फिरवलं. खरंच फिरवलं. ताई उठली आणि मावशीच्या हातातून तिला हिसकावून घेतली. "ही नको!" म्हणून ओरडली. मावशी म्हणाली, अगं एवढं काय, कुई तर आहे. ताई तिला शालीत बांधून घेऊन गेली.

मी जेवलो. सगळं. ताट पुसून.

२२ जून

घागरा चुलीत टाकला. ते कापड जळत नाही, वितळतं. घाण वास सुटला. आता कशाला शिवायचं? कुणासाठी? लिमाला जाणार नाही. इथंही राहणार नाही.

ग्लाडिसबाईंचा फोन येतोय. उचलला नाही. काय सांगू, मन रमलं म्हणून?

२३ जून

चास्का मी खोलीत गेलो की अजून शीळ घालते. तिला काय कळतंय. मी ओ देत नाही.

२४ जून

आई जाऊन आज पाच दिवस झाले. रिवाजाप्रमाणे आईचे कपडे नदीवर धुतले. ताई दगडावर आपटता आपटता मध्येच बोलायला लागली.

मी फुलं आणायला गेलो तेव्हा आई बाबांना म्हणाली, पोरगं खोटं बोलतंय. तिला नाव आहे. ताईनं विचारलं, तुला कसं माहीत? तर म्हणाली, "तिला उचलायच्या आधी तो स्वतःचे हात चुलीवर शेकून घेतो, बघितलं नाहीस? बिननावाच्या जनावरासाठी कोण हात शेकतं?"

बाबा उठून निघाले होते. आईनं त्यांना थांबवलं. म्हणाली, "फिरवा बाबा, इतक्या लांबून आलाय, त्याला वाटू दे काहीतरी केलं म्हणून. पण हात हलका ठेवा. परत जाताना पोराजवळ कुणीतरी पाहिजे."