मामा, गॅलरीत उडी मारू नका

तीर्थरूप मामा आणि मामी,

दोघांनाही वाकून नमस्कार. (समोर येऊन केला असता तर मामांनी पाय मागे घेतले असते, असं आईकडून कळलं. कागदावर ती अडचण येत नाही.) मामांचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतंय ना? इकडे सगळे ठीक. आईला झोप चांगली लागते, मला लागत नाही; पण त्याला घाबरणं म्हणता येणार नाही. मी आकडेमोड करते, आणि ती उशीवर डोकं टेकलं की सुरू होते, इतकंच.

मामा, तुम्ही आईला फोनवर म्हणालात, "तुझी लेक इंजिनिअर झाली आणि जनतेच्या मुळावर उठली." वाक्य चांगलं आहे, आमच्या ऑफिसातही फिरतंय. तरी घडलं ते क्रमाने सांगायला हवं, कारण त्या दिवशी तुम्ही वर होता आणि मी खाली. एकच गॅलरी आपण दोघं उलट बाजूंनी बघत होतो.

महापालिकेत माझं काम इमारती तपासण्याचं, हे तुम्हांला माहीत आहे. पूल झाले, पाण्याच्या टाक्या झाल्या, शाळांची छपरं झाली, आणि यंदा खुद्द सभागृहाची पाळी आली. जनतेने वर बसून नगरसेवकांचं काम बघावं म्हणून तिथे जी गॅलरी आहे, तिच्या लोखंडी तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे मी हातोडीने ठोकून पाहिलं. चांगली भिंत टणक वाजते. ही रिकाम्या डब्यासारखी वाजली. प्लास्टर काढलं, तर मधल्या तुळईच्या टोकाचे पापुद्रे माझ्या हातात आले. (छपराचं पाणी कित्येक वर्षं भिंतीत मुरत होतं, आणि डाग दिसला की वरून रंग मारला जात होता. रंगकाम उत्तम आहे.) तिथल्या भेगेवर मी काचेची पातळ पट्टी चिकटवली. ही आमची जुनी, साधी पद्धत: भेग जराशी जरी हलली तरी काच तडकते. मग अहवाल लिहिला, गॅलरी तात्काळ बंद करावी. मोठ्या साहेबांनी 'तात्काळ' खोडून 'यथावकाश' केलं. म्हणाले, "अगं, असं लिहिलं की लोक घाबरतात." मी म्हटलं, तोच उद्देश आहे. त्यांनी चहा मागवला.

आता सार्वजनिक जागा बंद करायची तर जनसुनावणी लागते. जनसुनावणी होते सभागृहात. आणि सभागृहात जनता बसते गॅलरीत. एवढी एक सुनावणी दुसरीकडे घेता येईल का, असं मी नगरसचिवांना विचारलं. ते अतिशय सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, गॅलरी धोकादायक आहे असं सभेने अजून ठरवलेलं नाही. सभा ठरवेपर्यंत ती मजबूतच धरायची." मग निदान जिन्याच्या दाराला कुलूप लावते म्हटलं, तर त्याला स्वतंत्र ठराव लागतो.

माझा विषय शेवटचा होता. त्याआधी सगळं नेहमीचं कामकाज. आपल्याकडे मंजुरीसाठी हात वर करत नाहीत, बाकं बडवतात. आणि खालचे बाकं बडवतात म्हणून वरचे पाय आपटतात. ही पद्धत तुमची लाडकी आहे हे मी लहानपणापासून जाणते (आमच्या घरी जेवण आवडलं तरी तुम्ही टेबल बडवता). मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं: खाली बाकं, वर पाय, आणि मधल्या तुळईपाशी थोडी पांढरी पूड. दिव्याच्या खांबांना हिरवा रंग मंजूर: पुन्हा पूड. मोकाट कुत्री पकडायच्या गाडीला नवे टायर मंजूर झाले (टायर लोकप्रिय निघाले), तेव्हा तर खाली बसलेल्या एका नगरसेवकांच्या टकलावरच पडली. त्यांनी वर न बघता रुमालाने डोकं पुसलं आणि बाक आणखी जोरात बडवलं. टायर मंजूर होताना कुणी गॅलरीतली माणसं मोजल्याचं मी याआधी ऐकलेलं नाही. मी मोजत होते.

त्यात गॅलरी भरत चालली होती. एरवी तिथे तुम्ही आणि वर्तमानपत्र वाचणारे दोघे जण असता. त्या दिवशी तुम्ही सकाळी फिरायला जाणारं अख्खं मंडळ आणलंत, मंडळाने आपापल्या बायका आणल्या, आणि पहिल्या रांगेत, बरोबर त्या तुळईवर, मामी आपली उशी घेऊन बसल्या. त्यांनी मला बघून हातही हलवला. मी हलवला नाही. तो शिष्टपणा नव्हता. माझा हात बाकाच्या कडेवरून निघत नव्हता.

मग माझं नाव पुकारलं. मी हळू बोलले, तर वरून "ऐकू येत नाही" असं म्हणत सगळे पुढे सरकले आणि कठड्यावर ओणवले. त्यांनी मागे जावं म्हणून मी मोठ्याने बोलले, तर गॅलरी पडू शकते हे स्पष्ट ऐकू गेलं आणि सगळ्यांनी रागाने पाय आपटले. हळू बोललं तर भार पुढे, मोठ्याने बोललं तर हादरे. यातलं कमी वाईट कोणतं, हे मला शिकवलेलं नाही.

तेवढ्यात तुम्ही उठलात. "ही जन्मायच्या आधीपासून मी इथे बसतोय," तुम्ही म्हणालात. "हिचा पाळणा मी टांगला होता. तो पडला नाही, गॅलरी कशी पडेल?" लोक हसले, बाकं वाजली. मामी तुमचा सदरा ओढत "अहो, बसा आता, गुडघा" असं म्हणाल्या. आणि तुम्ही, मामा, तो गुडघा घेऊन गॅलरीत उडी मारलीत. टाळ्या पडल्या म्हणून आणखी एक मारलीत.

दुसऱ्या उडीला काच तडकली. आवाज फार बारीक होता, बांगडी पिचावी तसा. सभागृहात तो फक्त मला ऐकू आला, कारण मी दुसरं काही ऐकतच नव्हते. मी लगेच म्हणाले, काच तडकली, सगळ्यांनी एकेक करून हळू खाली या. नगरसचिवांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की अधिकाऱ्यांच्या निवेदनाची वेळ संपली आहे, काचेची नोंद पुढच्या सभेत घेऊ. सुनावणी तहकूब झाली. तहकुबी कशी मंजूर होते, ते तुम्ही जाणताच. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मामी उशी झटकत होत्या.

आता पुढच्या सभेला तुम्ही दुप्पट माणसं आणणार असं कळलं. तुमच्या उत्साहाबद्दल आदर आहे. गुडघ्याला जपा, मामींना विश्रांती द्या. बाकी विशेष काही नाही.

तुमची आज्ञाधारक (गॅलरीचा विषय सोडून),
भाची

ता. क. एक काम होतं. सुनावणीत ऐकू येत नाही अशी लेखी हरकत एखाद्या नागरिकाने घेतली, तर पुढची सुनावणी खाली अंगणात घ्यावी लागते, असा नियम आहे. मला हरकत घेता येत नाही, मी नोकर. तुम्ही आजवर नळापासून स्मशानापर्यंत सगळ्यावर हरकती घेतल्यात आणि एकही फेटाळली गेलेली नाही. तुमचा कान शाबूत आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा आवाज खोल आहे, मी तोंडातल्या तोंडात बोलते, असं लिहा. उद्धट पोरगी आहे असंही लिहा. मी त्याखाली कबूल म्हणून सही करीन. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं. वरचं सगळं तुम्ही वाचलं नसलंत तरी चालेल.

दुसरा ता. क. ते मनाला पटत नसेल, तर निदान मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसा, मामींची उशीही मागे न्या. आणि काहीही मंजूर झालं, अगदी टायरसुद्धा, तरी पाय आपटू नका.

तिसरा ता. क. तेही जमणार नसेल, तर पहिल्या रांगेत तुमच्या आणि मामींच्या मधे माझ्यासाठी जागा धरून ठेवा. निवेदन संपलं की मी वर येईन. खाली उभं राहून वर बघणं मला पुन्हा जमणार नाही. माझं वजन मी हिशोबात धरलं आहे.