एसीच्या दिव्याचा बंदोबस्त

६ मे, मंगळवार
गाडीचा एसी बिघडला. बटण दाबलं की हिरवा दिवा लुकलुकतो आणि तोंडावर गरम हवा येते. सौ. म्हणते, गॅरेजला टाका. चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं मेंटेनन्स बघणाऱ्या माणसाने गॅरेजला जायचं? उद्या दुरुस्त करतो.

७ मे
ओव्हरटाइम. उद्या नक्की.

८ मे, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी
मंचरहून विहीणबाईंचा फोन. वर्षालीला सातवा महिना. लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे निगडीला, असं ठरलंय. पण या उन्हात एसी गाडी असेल तरच पाठवणार, नाहीतर सगळं मंचरलाच करू म्हणाल्या. मी म्हणालो, गाडीत स्वेटर लागेल. येत्या गुरुवारी आणायला जातो.
बोलण्याच्या नादात दुरुस्ती राहिली.

९ मे
कंपनीच्या पद्धतीने तपास केला. पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं. सापडलं: सौ.च! गेल्या महिन्यात तिने डॅशबोर्ड ओल्या फडक्याने पुसला होता. तपासाची शीट तिच्याकडे सहीला दिली. तिने त्या कागदावर कोथिंबीर निवडली.

१० मे
सगळे फ्यूज काढून परत बसवले. आता एसीसोबत मागच्या वायपरचाही दिवा लागतो. प्रगती आहे.

१२ मे, सोमवार
आमच्या खात्यातला नवनाथ जेवणाच्या सुट्टीत बॉनेटमध्ये डोकावला. कुरुळीचा, माझ्याच वयाचा. म्हणाला, "साहेब, ग्यास गळालाय. दिवा तेच सांगतोय. भरून घ्या, तवर एसी लावू नगा."
हेल्परचा ऑपरेटर झालेला माणूस. सिस्टिम त्याला काय कळणार.

१३ मे
जमलं! गॅसच्या पाइपवर एक प्रेशर स्विच आहे, तोच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नव्हता. लाइनवर एखादा सेन्सर नाटकं करायला लागला की आम्ही करतो तेच केलं: वायरचा तुकडा जोडून बायपास. दिवा स्थिर, कॉम्प्रेसर सुरू. हवा अजून गार नाही. पण दिवा ओके म्हणजे मशीन ओके. गारवा येईल सावकाश.

१४ मे
बॉनेटमधून किरकिर. पार्ट सेट होतायत. विहीणबाईंना दिव्याचा फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

१५ मे, गुरुवार. सकाळी ११.१०
कुरुळीजवळ आहे. किरकिर थांबली. मग जळक्या रबराचा वास आला, पट्टा तुटला आणि डॅशबोर्डवरचे होते नव्हते तेवढे दिवे एकदम लागले. गाडी बंद. टपरीच्या सावलीत बसून लिहितोय. नवनाथचं घर दोन मिनिटांवर आहे. त्याला बोलवायची गरज नाही.

११.५०
नवनाथला बोलावलं. गॅसशिवाय पळून पळून कॉम्प्रेसर जाम झालाय म्हणाला. माझा वायरचा तुकडा काढून त्याने माझ्या हातात दिला. मग बॉनेट लावलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
वर्षालीला फोन केला. ट्रॅफिक आहे म्हणालो. तिने एवढंच विचारलं, कुठे आहात?

संध्याकाळी ५. घरी
दुपारी जावई, जयदीपराव, आपली गाडी घेऊन कुरुळीला आले. मागच्या सीटवर वर्षाली, दोन बॅगा, विहीणबाईंनी दिलेला लाडवांचा डबा. लेकीला आणायला निघालेल्या बापाला लेकीनेच रस्त्यावरून उचलून आणलं. लाज वाटली. पण तिला बघून इतका आनंद झाला की लाजेकडे फारसं लक्ष राहिलं नाही.
मी पुढे बसलो. त्यांची गाडी गारेगार. एसीच्या बटणांत एक बारीक केशरी दिवा दिसला, म्हणून नीट बघायला जरा वाकलो.
मागून वर्षाली म्हणाली, "पप्पा, कशालाही हात लावू नका."
निगडी येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.