डाव्या करंगळीचा एक

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून. गुडघा वाकू देतो तितकंच.)

आई कॅसेट भरायला बसायची, आठवतंय तुला? बाबा जहाजावर असायचे. आपण शाळेतून आलेलो, पायातले मोजेसुद्धा निघालेले नसायचे, आणि आई टेपरेकॉर्डर टॉवेलवर ठेवून (टेबलाची खडखड त्यात जाऊ नये म्हणून) दोन बटणं एकदम दाबायची आणि आपल्याकडे डोळे वटारून बघायची. मग आवाज लोण्यासारखा मऊ करून "अहो, ऐकताय ना" अशी सुरुवात. पहिली दोन वाक्यं मायेची, आणि नंतर अख्खी बाजू आपल्या दोघींच्या तक्रारींची. थोरलीनं रेनकोट हरवला. धाकटी दूध कुंडीत ओतते आणि प्यायले म्हणून सांगते. आपण टेबलाखाली बसून एकमेकींना चिमटे काढत ते ऐकायचो, आणि कुणी फिसकन हसलं की आई टेप न थांबवताच आपल्याला झापायची. तेही बाबांना पोचायचं, समुद्रापार.

तुझा खांदा कसा आहे? हात वर जातो का, की अजून वेणी घालायला सुनेची वाट बघावी लागते? भाऊजींना नवी कवळी बसली का? इथे आम्ही दोघं बरी आहोत. ह्यांची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस, आणि आजची गोष्ट तुटता कामा नये, कारण तिच्यात मी काहीतरी केलं आहे.

तुला माहीत आहे की माझ्या मुलानं नोकरीसाठी लांब जायच्या आधी पुस्तकांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एक काळा डबा बसवून ठेवला. त्याला सर्व्हर म्हणतात. त्याला पडदा नाही, बटण एकच, दिवसभर झोपलेल्या मांजरासारखा घुरघुरतो. घरातले फोटो, कागद, गाणी, सगळं त्याच्या पोटात, आणि आपण फोनवरून उघडून बघायचं. तो लिनक्सवर चालतो. लिनक्स म्हणजे असा गडी, की सांगितलं तेवढंच करतो, आणि केल्यावर 'झालं' असंसुद्धा म्हणत नाही. गप्प राहिला की समजायचं, काम झालं. (ह्यांचं बरोबर उलट.) ह्या डब्याला बाहेरून दोन डिस्क जोडलेल्या आहेत. एकीत ह्यांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो, म्हणजे बहुतेक फांद्यांचे, कारण पक्षी तोवर उडालेला असतो. दुसरीत आई.

बाबांनी जहाजावरून जपून परत आणलेल्या आईच्या सगळ्या कॅसेट मुलानं तिच्यात उतरवून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटना बुरशी आली होती, आणि घराला रंग काढला तेव्हा ह्यांनी त्या भंगारात दिल्या. (त्यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. कागद पुरणार नाही.) सांगायचा मुद्दा असा की आईचा आवाज आता जगात फक्त त्या एका डिस्कमध्ये होता. दुसरी प्रत कुणी केली नव्हती. माणसं मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवतात आणि आईला पुस्तकांच्या कपाटात.

आणि मी कपाट आवरायला काढलं. तू मला ओळखतेस, एकदा फडकं हातात आलं की मी देवाचीही भीड ठेवत नाही. सगळ्या वायरी काढल्या, डबा पुसला, दोन्ही डिस्क पुसल्या, वायरींचं गुंतवळ सोडवून नीट वळवून परत खोचलं, आणि सर्व्हर चालू केला. संध्याकाळी फोनवर पक्ष्यांचं फोल्डर उघडलं तर रिकामं. आईचं उघडलं. रिकामं. ताई, माझे हात गार पडले. तसे ते एकदाच पडले होते, आणि तेव्हाही आईच गेली होती.

ह्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बंद करून चालू करून बघ. (हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय आहे. माझ्यावरही करून झालाय.) मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू आता कशालाच हात लावू नकोस. प्लीज. मी सुट्टीवर आलो की बघतो." त्याची सुट्टी वर्षाच्या शेवटी. शिवाय सूर तोच, ज्या सुरात आपण आईला टीव्हीचा रिमोट समजावून सांगायचो. तो ऐकून मला आईची पहिल्यांदाच खरी कीव आली. मग कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला घरी आला. त्यानं पेनचं टोपण चावत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे विंडोज नाहीच आहे. फॉरमॅट मारून देतो, एकदम कोरं होईल बघा." मी विचारलं, आणि आत आहे त्याचं काय? तो म्हणाला, "तेच कोरं होणार ना." मी त्याला चहा पाजला आणि दार उघडून धरलं.

तेव्हा ठरवलं. जिनं सगळी नोकरी टायपिस्ट म्हणून काढली, मोठ्या साहेबांचं अक्षर वाचलं (ते त्यांचं त्यांनाही वाचता येत नसे), तिनं एका डब्याला का भ्यावं?

जुना टीव्ही डब्याला जोडला, कीबोर्ड जोडला. मुलानं केव्हातरी माझ्या नावानं खातं उघडून ठेवलं होतं. पासवर्ड टाइप करायला घेतला तर पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. ह्यांनी तो उलटा करून झटकला. आतून बिस्किटाचा चुरा पडला (त्यांचाच), पण अक्षर पडेना. नंतर कळलं की लिनक्समध्ये पासवर्ड असाच आंधळा टाइप करायचा असतो. कुणी मागून बघत असेल तर त्याला किती अक्षरं तेही कळू नये. एकदा आत शिरल्यावर मी इंटरनेटवर वाचलेला हुकूम दिला. त्यावर पडद्यानं इंग्रजीत कळवलं की अधिकार असलेल्यांच्या यादीत तुमचं नाव नाही, आणि ह्या प्रकाराची वर तक्रार केली जाईल.

ताई, मी उभी राहिले. खरोखर, खुर्ची मागे सारून, हात मागे बांधून. कॉन्व्हेंटमध्ये घालवलेली वर्षं हाडांत मुरलेली असतात. मदरच्या ऑफिसबाहेरचा तो बाक, मेणाच्या पॉलिशचा वास, सगळं डोळ्यांपुढे आलं. हे म्हणाले, "आता कोण येणार, पोलिस? बस खाली." बसले, पण जेवण गेलं नाही. शेवटी मुलाला आडवळणानं विचारलं, की अशी तक्रार झालीच तर ती कुणाकडे जाते? तो इतका हसला की फोन हातातून पडला म्हणे. ती तक्रार त्याच डब्यातल्या एका टपालपेटीत जाऊन पडते आणि ती पेटी कुणीही उघडत नाही. म्हणजे आपल्या शाळेतली सूचनापेटीच. हसून तो मऊ झाला होता तेवढ्यात मी त्याचा पासवर्ड मागून घेतला. फक्त बघेन, असं कबूल करून. (बघितलंच. हातांनी.)

आता पुढचं नीट वाच, इथे माझी हुशारी आहे. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचे चव्हाटे आहेत. तिथली माणसं आपल्या गणिताच्या सिस्टरसारखी, आधी रागावतात, मग उत्तर देतात. त्यांच्याकडून एक हुकूम शिकले, जो दिल्यावर डबा जोडलेल्या डिस्कची हजेरी घेतो. दिला. दोन्ही डिस्क हजर, दोन्ही गच्च भरलेल्या. म्हणजे आई आतच होती. कुणी दार उघडलं नव्हतं, एवढंच. का, तर हा डबा डिस्कला तोंडावरून ओळखत नाही, बाकावरून ओळखतो. पहिल्या जागी बसली ती पक्ष्यांची, दुसऱ्या जागी बसली ती आईची, असं मुलानं एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं. मी पुसून परत लावताना दोघींचे बाक बदलले. दोघींची घडण वेगळी, तेव्हा डब्यानं पाहिलं, ही ती नव्हे, आणि दोघींनाही वर्गाबाहेर काढलं. सिस्टर नाही का, तू आणि तुझी मैत्रीण जागा बदलून बसलात तर तिचे मार्क तुला देऊन मोकळ्या झाल्या होत्या. (ते तू घरी सांगितलं नाहीस. मार्क जास्त होते.)

उपायही आहे. प्रत्येक डिस्कला जन्मखुणेसारखा एक लांबलचक नंबर असतो, अक्षरं-आकड्यांची माळच. बाक बदलला तरी हा नंबर बदलत नाही. त्या फाइलमध्ये जागेऐवजी ही जन्मखूण लिहायची, की काम झालं. लिहिली. पक्ष्यांची डिस्क मुकाट्यानं उघडली. आईची उघडेना. अशी डिस्क सापडत नाही, म्हणे. भिंग घेऊन एकेक अक्षर ताडून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. पुसून पुन्हा टाइप केलं. सापडत नाही. दोन-तीन दिवस हेच चाललं, आणि खरं सांगते, मला वाटायला लागलं की आईच दार लावून बसलीय, कॅसेट भंगारात दिल्याचा राग धरून.

शेवटी ह्यांना म्हटलं, तुम्ही वाचा, मी डोळे मिटून टाइप करते. टायपिंगच्या वर्गात सिस्टर आपल्या हातांवर कापड टाकायच्या ना, तशी. हे वाचत होते, बातम्या दिल्यासारखे, एकेक शब्द तोलून. ते म्हणाले, "एक." आणि डोळे मिटलेले असल्यामुळे मला प्रथमच जाणवलं, की माझ्या उजव्या हाताचं अनामिका बोट हललं. उजव्या हाताला एक नसतो, ताई. एक डाव्या हाताला, वर कोपऱ्यात, करंगळीखाली. उजव्या अनामिकेखाली असतो इंग्रजी छोटा एल.

तू टायपिंग अर्ध्यात सोडलंस म्हणून सांगते. आमच्या जुन्या मशीनला एकाची कळच नव्हती. एक पट्टी वाचवायला कंपनीनं ती ठेवलीच नव्हती. एक हवा असेल तेव्हा छोटा एल मारायचा, कागदावर सारखाच दिसतो. मी आयुष्यभर तेच केलं. किती तारखा, किती पगार, किती बदल्या, कितीजणांची जन्मसालं माझ्या एलवर उभी आहेत, आणि कुणाही साहेबाला कधी कळलं नाही. नव्या कीबोर्डवर एकाची कळ आली, पण बोटांना कुणी कळवलं नाही. ह्या टीव्हीवरही दोन्ही जुळ्या बहिणींसारखे दिसतात, म्हणून भिंगानं काही सापडलं नाही. पक्ष्यांच्या नंबरात एक नव्हताच. लिनक्स पहिला, ज्यानं मला पकडलं. मी त्याचा राग मानला नाही. असा साहेब मिळायला हवा होता.

मग डाव्या करंगळीला, जी जन्मात त्या कोपऱ्यापर्यंत गेली नव्हती, हाताला धरून नेल्यासारखी वर नेली आणि एक मारला. हुकूम दिला. डबा गप्प. एक शब्द बोलला नाही. म्हणजे झालं. फोनवर आईचं फोल्डर उघडलं, पहिल्याच नावावर बोट ठेवलं, आणि खरखरीतून आई म्हणाली, "अहो, ऐकताय ना."

आणि माझ्या शेजारून हे म्हणाले, "हो, ऐकतोय." आई असताना ह्यांनी आपल्या सासूबाईंना एवढ्या अदबीनं कधी उत्तर दिलं नव्हतं. नंतर चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन्ही डिस्क काढल्या आणि बाक बदलून लावल्या. ह्यांनी डोळे झाकून घेतले. दोन्ही उघडल्या. मुलाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हे तू केलंस?" मी म्हटलं, हो, आणि ते तू आधीच करायला हवं होतंस. तो म्हणाला, "बरोबर आहे." ताई, हे दोन शब्द मी फ्रेम करून लावणार होते. ही हकिकत मी आतापर्यंत शेजारणीला, टपाल आणणाऱ्याला आणि दाताच्या डॉक्टरांना सांगितली आहे. (डॉक्टरांना तोंडात नळी असताना. त्यांना बरंचसं कळलं.)

भाऊजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

तुझी,
सर्व्हरवाली धाकटी

ता. क. आता कामाचं. चव्हाट्यावरचे लोक म्हणतात की प्रत एकाच छताखाली ठेवणं म्हणजे न ठेवणंच. तेव्हा कुरिअरनं एक पार्सल येईल, त्यात आईची प्रत उतरवलेली दुसरी डिस्क आहे. ती तुझ्या कपाटात, चादरींच्या कप्प्यात ठेव. पुसू नकोस. भाऊजींना दाखवू नकोस, ते उघडतील. मिक्सरचं काय झालं ते मी विसरलेले नाही.

ता. क. २. मुलाला मात्र ह्यातलं अवाक्षर सांगू नकोस. एकच प्रत आहे आणि ती माझ्या भरवशावर आहे असं वाटत असल्यामुळे तो हल्ली दर रविवारी फोन करतो. आधी डिस्कची तब्येत विचारतो, मग माझी. मला क्रम चालतो. खरं म्हणजे हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं.

ता. क. ३. पार्सलमधल्या बाकीच्या वस्तूंची वाटणी. टॉर्च भाऊजींना. लोकरीचे मोजे सुनेला. लाल पेनड्राइव्ह मावशीला, तिला अजून आईचा आवाज ओळखू येईल. मावशीच्या नवऱ्याबद्दल आई जे बोललीय तेवढं मी त्यातून कापलंय. कापलेलं निळ्यात आहे. निळा तुला. एकटी असताना ऐक, हसून खांदा दुखेल. हिरवा माझ्या मुलाचा. त्यात आई नाही, मी आहे. टॉवेल अंथरून बसले होते. पहिली दोन वाक्यं सोडली तर सगळ्या त्याच्या तक्रारी. तो आत्ता द्यायचा नाही. केव्हा द्यायचा ते तुला कळेल. आणि तूच आधी निघालीस, तर जायच्या आधी सुनेकडे देऊन ठेव, आणि तिला म्हणावं, हा फडक्यानं पुसला तरी चालेल.