लोटाच्या बायकोने मागे का पाहिलं

प्रिय चिमणे,

कागद पाठकोरे आहेत, रागावू नकोस. जुन्या कॅलेंडरची पानं अजून फेकवत नाहीत. तू चिडवायचीस तेवढीच चिक्कू राहिले आहे मी. तुझ्या वडिलांचे गुडघे दुखतात, पण रविवारी शास्त्रवाचनाला उभं राहणं सोडत नाहीत. धाकट्याला नोकरी लागली. तुझी सायकल त्याने धुऊनपुसून, तेल घालून ठेवली आहे. कुणासाठी, ते त्याला कुणी विचारलं नाही. तुझा पत्ताही त्यानेच दिला.

चर्चमधल्या आमच्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेत पाळकबाईंनी नवी पद्धत काढली आहे. बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. जिला जो उतारा येईल, तिने पुढच्या गुरुवारी त्याचा अर्थ सांगायचा. बहुतेकजणी नवऱ्याला विचारून येतात. म्हणजे चिठ्ठी आमची नि अर्थ त्यांचा. मला आला लोटाच्या बायकोचा उतारा. नगरावर आग पडणार म्हणून देवदूतांनी लोटाला, तिला आणि दोन मुलींना हाताला धरून बाहेर काढलं, मागे पाहू नका म्हणून बजावलं, तरी तिने पाहिलं आणि मिठाचा खांब झाली. चिठ्ठी वाचताच औषधवाल्याची बायको म्हणाली, शेगडीवर दूध ठेवून आली असेल बिचारी. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण चिठ्ठी हातात घामाने ओली झाली होती.

का, ते तुला सांगायला नको. पहिली बायको सोडलेल्या माणसाशी लग्न करणार म्हणालीस, तेव्हा वडिलांनी आवाज चढवला नाही. तू बॅग घेऊन दारात होतीस आणि ते मला म्हणाले, "लोटाच्या बायकोची आठवण ठेव." बस, एवढंच. मी नळाखाली किटली घासत होते. घासलेलीच किटली परत घासत राहिले. तू उंबऱ्यात थांबली आहेस, हे माझ्या पाठीला कळत होतं. मग फाटकाची कडी वाजली.

आताही अर्थ वडिलांनाच विचारला. दोन वाक्यांत मिळाला: तिने आज्ञा मोडली; जे मागे सोडलं त्याचा तिला लोभ होता. मी लिहून घेतला. पण घरचा हिशेब ठेवून ठेवून खोड लागली आहे, स्वतः ताळा केल्याशिवाय पान उलटवत नाही. म्हणून दुपारी सगळं आवरल्यावर बायबलातल्या उत्पत्तीचा तो अध्याय काढून बसले. दूत लोटाला आधी विचारतात, इथे तुझं आणखी कोण आहे? जावई, मुलगे, मुली? लोट जावयांना सांगायला जातो, त्यांना ती थट्टा वाटते. मग पहाटे दूत म्हणतात, इथे असलेल्या तुझ्या दोन मुलींना घेऊन नीघ. इथे असलेल्या. मी तिथे बोट ठेवून थांबले. म्हणजे इथे नसलेल्याही होत्या का गं? पाळकबाईंना बाजारात एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, शास्त्रात स्पष्ट नाही, पण तसं मानणारे आहेत. मला तेवढं पुरलं. तिच्या मागे नुसतं घर आणि भांडीकुंडी जळत नव्हती. आपल्या पोटच्या पोरीकडे पाहण्यात लोभ कसला? आणि मी एवढी वर्षं तिला मूर्ख म्हणत आले, स्वतःला शहाणी.

काल अर्थ सांगायची माझी पाळी होती. वडील मला न्यायला लवकर आले आणि मागच्या बाकावर बसले. मी उभी राहिले. सगळं ओठांवर होतं गं. आणि तोंडातून त्यांचीच दोन वाक्यं बाहेर पडली. बायका आमेन म्हणाल्या. घरी येताना ते म्हणाले, चांगलं सांगितलंस. पुढे तुझ्या शाळेपाशी त्यांची चाल मंदावली, पण त्यांनी त्या बाजूला पाहिलं नाही. त्यांचीही मान अवघडली आहे, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

म्हणून हे पत्र. जो अर्थ काल तिथे माझ्या तोंडून निघाला नाही, तो खरं तर तुलाच सांगायचा होता. पुढच्या गुरुवारी मी प्रार्थनेला जाणार नाही. सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे. वडिलांना निघताना सांगेन, विचारणार नाही. तू सामोरं आलंच पाहिजेस असं नाही. कामात असलीस, पाठमोरी राहिलीस, तरी मी उंबऱ्यात थांबेन. तू थांबली होतीस त्यापेक्षा जास्त वेळ. आणि वळून पाहिलं म्हणून मिठाची झालेच, तर तुझ्या स्वयंपाकघरात ठेवून घे. मीठ काही वाया जात नाही.

तुझीच,
आई