सुगंधाबाईंच्या नावाचे दागिने

मुलुंड पूर्व
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिशा,

आशीर्वाद. बोरिवलीला तुम्ही दोघं बरी असाल. इथे आईंचा गुडघा तसाच आहे, ह्यांची रजा संपली, अपूर्वाची बारावीची परीक्षा मंगळवारपासून. झाली ख्यालीखुशाली.

पत्र लिहितेय, कारण तू माझा नंबर ब्लॉक केलास. निलेश आज आईंना बघायला येतोय, त्याच्या हाती देईन. तसं बघता तू फोन उचलला असतास तरी काय झालं असतं? मी ओरडले असते, तू रडली असतीस, आणि नेहमीसारखं मीच सॉरी म्हणून फोन ठेवला असता. कागदावर रडून मला थांबवता येणार नाही.

आधी ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. ‘दागिने वहिनी करतात, मी फक्त ऑर्डर घेते.’ आपल्या सासरची बावीस माणसं त्या ग्रुपवर आहेत. मालवणच्या मामींनी मला फोन करून विचारलं, गंधाली, तू लहान पोराला काय दिलंस गं? आणि तासाभरात तू पेज बंद केलंस. आईंचे व्हिडिओ गेले, आलेल्या ऑर्डरी गेल्या, लोकांचे मेसेज गेले. झकास. हात झटकायला तुला एक तास पुरला.

भांडुपला काय झालं ते तू नीट ऐकूनही घेतलं नाहीस, म्हणून लिहिते. सव्वीस जानेवारीला दुपारी, तू जिची ऑर्डर घेतलीस त्या ऋतिकाच्या मुलाचं बोरन्हाण होतं. देवेश नाव त्याचं, दहा महिन्यांचा आहे. आपला मुकुट, आपला हार, आपले बाजूबंद घालून त्याला पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडत होते, पोरं वेचायला धावत होती, आणि त्याने हार तोंडात घातला. कुणी काढला नाही. का काढतील? डब्यावर आपणच छापलंय, ‘शुद्ध साखरेचा हलवा, बाळाने चघळला तरी चिंता नको.’

तो खोकायला लागला. मग खोकताही येईना. ओठ निळे पडले. ऋतिकाच्या सासऱ्यांनी त्याला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा थोडा श्वास सुरू झाला, तसंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक्स-रेत काही दिसेना, कारण मणी थर्माकोलचा होता, आणि थर्माकोल एक्स-रेत दिसत नाही. शेवटी भूल देऊन, दुर्बीण घालून मणी काढला. साखर असती तर विरघळली असती. डॉक्टर एवढंच म्हणाले म्हणे.

बुधवारी, एकोणतीस तारखेला, ऋतिका आपल्या दारात आली. डब्यावर पत्ता इथलाच आहे ना. ती ओरडली नाही. डबा टेबलावर ठेवला, आणि तुमच्यातल्या सुगंधाबाई कोण, असं विचारलं. आई आत गहू निवडत होत्या. त्यांना वाटलं, कुणी कौतुक करायला आलंय. तुझ्या त्या व्हिडिओपासून येतात ना लोक. पदराला हात पुसत हसत बाहेर आल्या.

ऋतिकाने सगळं सांगितलं. आईंनी हार हातात घेतला, एक मणी तोडला आणि स्वतःच्या तोंडात ठेवला. मी त्यांच्याकडे बघत उभी. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्यांनी तो मणी तळहातावर काढला. जसाच्या तसा होता.

"ह्यां माजां न्हय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुका म्हायत होतां?"

मी नाही म्हटलं. धाकट्या जावेने बाजारातून काहीतरी उचललं असेल, मला न सांगता, असं म्हटलं. आईंनी विश्वास ठेवला. ऋतिकानेही ठेवला असावा, कारण ती माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

आता तू म्हणशील, मग वहिनीने तरी काय वेगळं केलं? ग्रुपवर तू केलंस तेच. बरोबर आहे. तेच केलं, आणि तुझ्या दोन दिवस आधी केलं. पण थांब, माझं अजून संपलेलं नाही.

दोन जानेवारीला तू त्या तीन पिशव्या घेऊन आलीस. डिसेंबरात हवा दमट होती, हलव्याला काटा फुटत नव्हता. मंद आचेवर परात ठेवून थेंब थेंब पाक घालत मी चार-चार तास बोटं भाजून घेत होते आणि तू रोज नव्या ऑर्डरी घेत होतीस. मी सांगितलं होतं ना, आता बस कर? तू म्हणालीस, "वहिनी, असा सीझन परत येणार नाही." पिशव्यांत तयार दागिने होते. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, मोठ्यांसाठी आहेत, फोटोपुरते, नव्या नवऱ्या कुठे हलवा खातात? मला ते आवडलं नाही, पण मी गप्प बसले.

मग बोरन्हाणाचे डबे भरायला बसलो. तू मुकुट माझ्या हातात दिलास. दिशा, सतरा वर्षं मी हे दागिने करतेय. हलव्याचा मुकुट हाताला जड लागतो. हा कागदासारखा हलका होता. मला त्याच क्षणी कळलं. बाळाच्या दागिन्यात आई टाचणी लावू देत नाहीत, डिंक लावू देत नाहीत, नुसता दोरा, आणि तो दोनदा ओढून बघायचा. मी त्या दिवशी एकही दोरा ओढून बघितला नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं, आणि मी झाकण लावलं. एक नाही, एकेक करत सगळे डबे. माझी बोटं दुखत होती आणि काम संपत आलं होतं, एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

तुझा राग येतोय तो खरा आहे. पण तुझ्यावर ओरडायला लागले की तो मुकुट हातात येतो, आणि मग मला माझाच इतका संताप येतो की भांडी आपटते. अपूर्वा विचारते, आई काय झालं? तिला काय सांगू?

म्हणून परवा मी भांडुपला गेले. ऋतिकाने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की मला माहीत होतं. तिने विचारलं, "माहीत होतं, आणि तरी पाठवलंत?" मी हो म्हटलं. तिने दार लावून घेतलं. तिची काही चूक नाही.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, डब्यावरचं माझं नाव काढ. तेव्हापासून माझ्या हातचं जेवतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. चाळीस वर्षं लोकांनी ते नाव बघून पोरांच्या गळ्यात हार घातले. ते आपण दोघींनी घालवलं. तू एकटीने नाही, मी एकटीने नाही.

आता कामाचं. थर्माकोलचे एकतीस संच गेलेत. बारा पत्ते माझ्या वहीत होते, त्या सगळ्यांना फोन केले. शिव्या खाल्ल्या. त्यांतल्या दोघींनी दागिने पुढे दुसऱ्या बाळासाठी नात्यात दिले होते, ते परत मागवून फेकायला लावले. पेज गेलं तरी उरलेले एकोणीस तुझ्या फोनमध्ये आहेत. रथसप्तमी झाली म्हणून विषय संपला असं समजू नकोस. लोक हे डब्यात जपून ठेवतात, धाकट्यासाठी, भाचीसाठी. मुंबईत कुठल्या तरी एकोणीस कपाटांत ते आत्ता पडून आहेत.

निलेश हे पत्र घेऊन घरी आला की उद्या दुपारपर्यंत मला ती यादी पाठव. अपूर्वाच्या नंबरवर पाठव, तो तू ब्लॉक केलेला नाहीस. फोन मी करीन, तुला एकही करावा लागणार नाही. यादी आली नाही तर रविवारी मी बोरिवलीला येईन, आणि तुझ्या शेजाऱ्यांसमोर मागेन. तेही जमलं नाही तर व्हिडिओ करून सगळ्यांना सांगेन की हे कुणी केलं. दोन्ही नावं घेईन. आधी माझं.

मला वहिनी म्हणायचं की नाही, ते यादी पाठवताना ठरव.

गंधाली

ता. क. देवेशचा आवाज अजून बसलेला आहे, पण दूध प्यायला लागलाय. दार लागायच्या आधी मला तो आत रांगताना दिसला. बारा दिवस झाले, तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं.