वरच्या रांगेपुरता परतावा

सन्माननीय व्याहीसाहेब,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. पत्र लहान होतं आणि त्यातली वाक्यं त्याहून लहान होती. त्यावरून तुमची तब्येत ठणठणीत आहे पण मन नाही, असं मी धरून चाललो आहे. विहीणबाईंची कंबर कशी आहे? त्यांना जिना टाळायला सांगा (टाळणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान आपल्या पदरी राहतं). इकडे सगळे बरे. तुमची लेक मजेत आहे. आपलं वजन वाढलं असं तिचं म्हणणं आहे, आमचं त्यावर काही म्हणणं नाही. चिरंजीव सकाळी कामावर जातात आणि संध्याकाळी परत येतात, मधलं काही सांगत नाहीत.

तुमचं दोघांचं आमच्याकडे येणं आम्ही पुन्हा पुन्हा पुढे ढकलतोय, तेव्हा आमच्याकडून काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंत. वाचून मला खजील व्हायला झालं. आधी आम्ही कळवलं की घरात रंगकाम चालू आहे. मग कळवलं की मोरीचा पाइप बदलतोय. मग पुन्हा रंगकाम. आता, मी जन्मभर पाट्या रंगवणारा माणूस, माझ्या घरातलं रंगकाम इतकं रेंगाळत नसतं, हे तुम्ही ओळखलंच असणार. खरं कारण वेगळं आहे आणि ते तुम्हाला कळवायला आमच्या घरातून सक्त मनाई आहे. पत्राला बसलो तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली की बाकी वाट्टेल ते लिहा, दातांचं लिहू नका. म्हणून ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे सांभाळून लिहायला नको. हिचे दात गेले. सगळे. उरलेसुरले डॉक्टरांनी काढले, कारण एकटेदुकटे राहून ते काही कामाचे नव्हते.

कवळी तयार आहे. माप घेऊन झालं, रंग जुळवून झाला, आणि गेले कित्येक दिवस ती दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, मधल्या कप्प्यात बसून आहे. त्या रस्त्याने जाणं झालं की मी आत डोकावतो. बायकोचं हसू दुसऱ्याच्या कपाटात बघायची वेळ फार लोकांवर येत नसेल. डॉक्टर भले आहेत, पण पैसे दिल्याशिवाय कपाट उघडत नाहीत, आणि पैसे यायचे आहेत कर कार्यालयाकडून. तोवर ही सगळं कुस्करून, भिजवून, पातळ करून खाते, दार वाजलं तर मला पाठवते, आणि बोलते अगदी मोजकं. (ही शांतता पहिला आठवडाभर मला बरी वाटली, खोटं कशाला बोलू. मग करमेना.) विहीणबाईंसारख्या टापटिपीच्या बाईसमोर तोंड उघडायची तिची तयारी नाही. तिचे शब्द असे: "मी विहिणीसमोर अशी बसणार नाही. कुणाला राग येऊ दे, नाहीतर लोभ येऊ दे."

आता पैसे अडकले कसे, ते सांगतो. मागल्या वर्षी मला एका गोदामवाल्या कंपनीचं मोठं काम मिळालं. दारांवर आकडे, भिंतींवर बाण, 'येथे थांबू नये' आणि शंभर पावलांवर 'येथेच थांबावे'. बिलाचे पैसे देताना त्यांनी त्यातून कर कापून घेतला. त्यांचा हिशेबनीस म्हणाला, काका, तुमची कमाई एवढी नाही, हा कर तुम्हाला परत मिळेल, फक्त मागावा लागेल. आपलेच पैसे आपणच मागायचे, तेही त्यांच्या कागदावर आणि त्यांनी आखलेल्या चौकटीत. पण मिळणार म्हटल्यावर त्या भरवशावर आम्ही दवाखान्याची पायरी चढलो.

विवरणपत्र भरायचे म्हणे तीन रस्ते आहेत. स्वतः कागदावर भरा, फोनवरून भरा किंवा कुणाकडून तरी भरून घ्या. शहाणा माणूस यातला एक रस्ता निवडतो. माझी अडचण अशी की मला नाही म्हणता येत नाही. कुणी मदत करतो म्हणालं की मी आधी आभार मानतो आणि कसली मदत ते मग विचारतो. म्हणून सगळे रस्ते चाललो, आणि हे घरात कुणालाच एकमेकांचं माहीत नव्हतं.

पहिलं विवरणपत्र मी स्वतःच भरलं. शाळा माझ्या वाट्याला चार इयत्ता आली, पण अक्षर मी पाट्या बघून बघून शिकलो आणि अक्षराच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. टेबल खिडकीपाशी ओढलं, बारीक कुंचला घेतला. चौकटी इतक्या छान आखलेल्या होत्या की नुसता आकडा लिहून टाकणं जिवावर आलं. प्रत्येक आकड्याला मी उजवीकडून हलकी सावली दिली. सावली दिली की आकडा कागदावरून उठून उभा राहतो, लांबून वाचता येतो. (लांबून कोण वाचणार होतं, हा प्रश्न तुमच्या लेकीने नंतर विचारला.) पुढे कळलं की हे कागद तिथे माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं, आणि यंत्राला सावलीतलं काही समजत नाही. त्याने आकडाही वाचला आणि सावलीही वाचली. दर आकड्याचे दोन झाले. त्या विवरणपत्राप्रमाणे मी चार-पाच गिरण्यांचा मालक आहे आणि मला परतावा सोडाच, उलट माझ्याकडूनच एवढं येणं निघतं की ते वाचताना मला मध्ये दम घ्यावा लागला.

दुसरं तुमच्या लेकीने भरलं, फोनवरून. तिने आपण होऊन विचारलं होतं, आणि घरात आल्यापासून तिने आपण होऊन मागून घेतलेलं ते पहिलं काम. कसं नाही म्हणणार? संध्याकाळी स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून तिने माझी जी उलटतपासणी घेतली, ती पोलिसांनी घेतली असती तर मी वकील मागितला असता. फोन विचारी की आणखी काही उत्पन्न? मी म्हणे, नाही. ती म्हणे, बाबा, त्या शिंप्याच्या दुकानाची पाटी? शेजारच्या घराचा नंबर? त्या टेम्पोच्या मागे गुलाब काढून दिलात, त्याचे? मी म्हटलं, गुलाबाचे कसले, चहा पाजला त्याने. ती म्हणाली, चहा आणि वर पैसेही, मी दारात उभी होते. तेही मांडलं. माझ्या हातून जे जे रंगलं ते ते तिने मांडलं, आणि परतावा खाली खाली येत गेला. तुम्ही मुलीला फार सरळ वाढवलंत. तक्रार करत नाही, नोंद करतो.

तिसऱ्याला कारण हिचे भाऊ, म्हणजे माझे मेहुणे. बहिणीच्या दातांसाठी त्यांचा जीव तुटत होता. कर कार्यालयाच्या फाटकाबाहेर छत्री लावून बसणारे एक टेबलवाले आहेत, त्यांच्याकडे ते मला हाताला धरून घेऊन गेले. टेबलवाल्यांनी मला काही विचारलंच नाही, त्यामुळे तिथे फार बरं वाटलं. सही तेवढी घेतली. नंतर बघतो तर कुंचले, टर्पेंटाइन, शिडी इथवर ठीक होतं, पण पुढे 'पूर्णपणे अवलंबून असलेली अंध आत्या' असंही लिहिलेलं. माझी एकुलती एक आत्या वारून बरीच वर्षं झाली, आणि हयात असताना तिला शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा भिंतीपलीकडून दिसायचं. या विवरणपत्राप्रमाणे परतावा इतका येत होता की कवळी येऊन वर सोन्याचा एखादा दात बसवता आला असता.

मग वाट बघणं सुरू झालं. तुमची लेक रोज सकाळी फोन बघायची आणि सांगायची की 'काम चालू आहे' असं लिहून आलंय. चालू असेल म्हणून आम्ही थांबायचो. मेहुणे टेबलवाल्यांना विचारायचे, ते म्हणायचे, आज-उद्या. मला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी टपालवाल्याला विचारायचो. शेवटी हिने एके दिवशी पातळ केलेल्याच्या वाटीकडे बराच वेळ बघितलं आणि वाटी बाजूला सारली. मी चप्पल घातली आणि कार्यालयात गेलो.

खिडकीवर चष्मेवाल्या एक बाई होत्या. त्यांनी माझा क्रमांक घातला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आत जाऊन कागद घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ओळीने मांडले. "काका, तुम्ही नक्की किती जण आहात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकटाच. त्या म्हणाल्या, सही तर सगळ्यांवर एकच आहे, पण एक उद्योगपती आहे, एक पाटीवाला आहे, एकाला अंध आत्या आहे, आणि यातल्या कुणाला पैसे पाठवायचे ते आम्हाला ठरवता येत नाही, म्हणून कुणालाच पाठवले नाहीत. रागावल्या नाहीत. माझ्या सावलीच्या आकड्यांवरून तर त्यांनी बोटही फिरवलं. (ओळीत चौथा कागदही होता. त्याचं खाली लिहितो.) म्हणाल्या, एक ठेवा, बाकीचे लेखी मागे घ्या, मग मी स्वतः लक्ष घालते. कुठला ठेवायचा ते घरी ठरवून या.

घरी ठरवायला बसलो. मी सगळं सांगून टाकलं. मेहुणे म्हणाले, आत्याचंच ठेवा, कोण बघायला येतंय आत्याला. तुमची लेक भांडं घासत राहिली, आणि ते भांडं स्वच्छ होऊनही बराच वेळ झाला होता. मला पेच पडला. तिचं ठेवावं तर कवळीची एकच रांग येते, वरची. आत्याचं ठेवावं तर दोन्ही येतात, पण पोरीने सगळं खरं मांडलं आणि घराने ते खोट्यासाठी मागे घेतलं, हे तिच्या मनात कायमचं राहील. मी डॉक्टरांची पाटी रंगवून खालची रांग पदरात पाडून घ्यायचा पर्याय काढला. तुमची लेक भांड्याकडे बघतच म्हणाली की चालेल, पण ती पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावी लागेल. मग मी तो नाद सोडला.

सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं, कारण दात शेवटी हिचे. ही उठली, सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि फडताळावर ठेवलं. म्हणाली, "हिचंच ठेवा. वरचे घेऊ. खालच्यांचं पुढं बघू. मेलेल्या आत्येसासूच्या जिवावर मला नाही चावायचं." मेहुणे जेवायला न थांबता गेले, पण दुसऱ्या दिवशी आले.

तर असं आहे. तुमच्यावर कुणाचा राग नाही, रंगकाम नाही, पाइपही नाही. वरची रांग आली की पहिलं निमंत्रण तुम्हाला. तोवर मनात काही आणू नका. विहीणबाईंना हिचा नमस्कार (तिने सांगितला नाही, पण असणार).

तुमचा,
पाट्यावाला व्याही

ता. क. : त्या चौथ्या कागदाबद्दल. मागे आला होतात तेव्हा माझे कागद चाळून तुम्ही म्हणाला होतात की इथे आणि इथे सही करून ठेवा, मी जरा नजर घालतो. मी सही केली, आभार मानले आणि विसरलो. तुम्ही विसरला नाहीत. तुमच्या अक्षराचं, नोकरीत घटवलेलं ते ठसठशीत वळण मी कुठेही ओळखेन. विवरणपत्र फार सुबक भरलंय, फक्त तो नमुना कार्यालयाने केव्हाच बंद केला आहे. आम्ही आमची दोन मागे घेतली. तुमच्या कागदावर मात्र 'भरणाऱ्याचे नाव' म्हणून तुमचं नाव आहे, तेव्हा तो तुमच्याच सहीने मागे घ्यावा लागतो. एक ओळ पुरते. ती आली की परतावा सुटतो, परतावा सुटला की कपाट उघडतं, कपाट उघडलं की तुम्ही या. म्हणजे तुमचं येणं सध्या तुमच्यापाशीच अडलेलं आहे. याहून सौम्य मला लिहिता आलं नाही.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या लेकीला वाचायला दिलं, काही खटकतं का बघ म्हणून. ती वाचता वाचता खाली बसली. म्हणाली, बाबा, माझ्या आईच्या तोंडात कवळी आहे, आणि तीही वरचीच. खालची टोचते म्हणून डबीत असते, आणि इकडचं येणं पुढे गेलं की आईच सगळ्यात जास्त खूश होते, कारण लोकांसमोर जेवायचं तिला संकट वाटतं. आमच्या हिने हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मला म्हणाली, त्यांना लिहा, ओळबिळ घेऊन समक्षच या, पुढच्या रविवारी, मी सगळं मऊ करते. तेव्हा या. विहीणबाईंच्या कवळीचं तुम्हाला माहीत असेल असं आम्ही गृहीत धरलं आहे. नसेल, तर हा दुसरा ता. क. तुम्ही वाचला नाही, आणि पोरीचं नाव मध्ये आणू नका.